म्हंकाळाला इतक्या लवकर रडवू नकोस

इंदापूर,
ज्येष्ठ वद्य

चि. ओंकार यास,


तुझ्या कार्टून मालिकेचा आराखडा आणि पहिल्या तीन भागांची पटकथा वाचली. उजनीच्या पाण्यावर वाढलेली मच्छीमाराची पोर, भिगवणचे रोहित पक्षी, कुंभारगावच्या काठावरची पहाट, हे सगळं तुला उत्तम दिसलंय. त्यात मी काही सांगायला नको. मला बोलायचंय ते म्हंकाळाबद्दल.

धरण फोडायला निघालेला हा माणूस दहा भाग नुसता खदाखदा हसतो. अकराव्यात कळतं की त्याचं गाव धरणात बुडालंय. बाराव्यात तो रडतो आणि तेराव्यात सगळी वस्ती त्याला मिठी मारते. अरे, तिसऱ्या भागात त्याने याच वस्तीच्या होड्या जाळल्यात ना? होडी जळालेला माणूस इतक्या लवकर मिठी मारत नाही. आपल्याकडे बांधाचं भांडण तीन पिढ्या चालतं, हे तू घरातच पाहिलंयस.

तू त्याला दिलेलं कारण मात्र खरं आहे, आणि म्हणूनच एवढं लिहायला बसले. भीमेवरचं धरण १९८० साली पुरं झालं. त्याच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची माणसं आजही आपल्या तालुक्यात आहेत. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक लांबून बघायला जातात. हे सोनं तू अकराव्या भागापर्यंत पुरून का ठेवलंस? ज्याचं गाव पाण्याखाली आहे तो पहिल्या भागापासून तसाच वागेल. कुठल्या पाण्याखाली कुणाचा वाडा आहे, ते त्याला पाठ असेल. देवळावरून कुणी जाळं टाकलं तर तो चवताळेल. ज्येष्ठात पाणी उतरलं की त्याला उमेद येईल आणि भाद्रपदात धरण भरलं की तो माणसांत राहणार नाही. हिरवागार ऊस दिसला की त्याचं डोकं फिरेल, कारण त्या उसात त्याला स्वतःच्या गावावरचं पाणी दिसेल. त्याच्या गावच्या म्हातारीशी मात्र तो खाली मान घालून बोलेल. एवढं पेरलंस तर अकराव्या भागातला फ्लॅशबॅक लागणारच नाही. पोरं हुशार असतात, त्यांना आधीच कळलेलं असेल.

आणखी एक कर. त्याच्या तोंडी असा एक प्रश्न घाल की तुझ्या नायिकेला त्याचं उत्तर देता येऊ नये. ‘तुमची शेतं भिजावीत म्हणून आमची बुडाली, तेव्हा आम्हाला कुणी विचारलं होतं?’ एवढंच. त्या पोरीने गप्प व्हावं आणि भाग तिथेच संपावा.

‘सामना’ पुन्हा बघ. १९७५चा, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. आपण साखर कारखान्यांच्या पट्ट्यातली माणसं. त्यातला हिंदुराव धोंडे पाटील आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. निळू फुल्यांनी तो कुठेही आरडाओरडा करून उभा केलेला नाही. त्या माणसाने गावात कारखाना आणलाय, लोकांच्या हाताला काम दिलंय आणि हे सगळं आपण गावासाठी केलं असं तो मनापासून मानतो. त्यातलं बरंचसं खरंही आहे. म्हणून मारुती कांबळेचं काय झालं, असं कुणी विचारलं की तो हलतो. आणि तो प्रश्न विचारणारा दारुडा मास्तर त्याने स्वतःच घरी आणून ठेवलेला असतो. केवढी अक्कल आहे या एका गोष्टीत!

आता उपरतीचं. यात आपल्या मुलखाला बाहेरून काही शिकायची गरज नाही. मोरगाव-जेजुरीच्या वाटेने पुढे वाल्हे लागतं, माउलींच्या पालखीचा मुक्काम असतो ते. वाल्याची गोष्ट तिथली, असं लोक सांगतात. माणूस मारला की रांजणात खडा टाकायचा, असे सात रांजण भरले, आणि ते रांजणही डोंगरावर दाखवतात. वाल्मीकींच्या रामायणात ही दरोडेखोराची कथा नाही, ती मागाहून आली. पण ज्याने कुणी ती रचली त्याला तुझा धंदा उत्तम येत होता.

वाल्याचं कारण बघ: बायकापोरांचं पोट. नारद त्याला पापपुण्यावर प्रवचन देत नाही. तो एवढंच विचारतो की ज्यांच्यासाठी करतोस ते या पापात वाटेकरी होतील का, जाऊन विचार. आणि वाल्या जाताना काय करतो? नारदाला झाडाला बांधून जातो. त्याचा अजून कुणावर विश्वास नाही, तो अजून दरोडेखोरच आहे. हा बारकावा मला सगळ्यात आवडतो. मग घरचे सांगतात की आम्हाला पोसणं तुझं काम, पाप तुझं तू बघ. त्याला मोडलं ते ऋषीने नव्हे, ज्यांच्या नावावर तो जगत होता त्यांनी. त्या क्षणाला कथेत चार ओळी, आणि त्यानंतर अंगावर वारूळ चढेपर्यंतची वर्षं. तू नेमकं उलटं केलंयस. रडण्याला अख्खा भाग आणि प्रायश्चित्ताला गाण्यापुरती जागा.

म्हणून म्हंकाळाला मोडायला नायिकेचं भाषण उपयोगाचं नाही. त्याच्या बुडालेल्या गावातली म्हातारी हवी, जी आता पुनर्वसनाच्या गावठाणात राहते. तो तिला सांगायला जाईल की आपलं देऊळ परत वर काढतोय. ती म्हणेल, देव आम्ही केव्हाच वर आणला, इथे रोज दिवा लागतो. तू कुणासाठी करतोयस हे? तिथे त्याच्या पायाखालची जमीन जाते. त्याने लगेच चांगलं व्हायचं कारण नाही. आधी त्याने तिच्यावरच चिडावं.

तू लावून दिलेली ती अवतारची मालिका मी पुरी पाहिली, एकसष्ट भाग. झुको हे पोरगं मला आपल्याच घरातलं वाटलं. युद्धाच्या बैठकीत नव्या शिपायांची बाजू घेतली म्हणून बापाने त्याचा चेहरा जाळला, आणि तरी तो त्याच बापाची शाबासकी मिळवायला दुनियाभर हिंडतो. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी त्याला सुधारायची संधी चालून येते आणि तो चुकीची बाजू धरतो, काकाला दगा देतो. कच्च्या लेखकाने त्याला तिथेच सुधारला असता. इथे त्याला घर, मान, बाप सगळं परत मिळतं आणि तरी तो सुखी होत नाही. वाल्याचं कारण दुसऱ्यांनी नाकारलं, झुकोचं कारण हाती आल्यावर पोकळ निघालं. पुढे ज्यांच्या तो मागे लागला होता त्यांचीच माफी मागायला जातो तेव्हा कुणी आरती ओवाळत नाही. त्यांतली कटारा तर जिवे मारायची धमकी देते आणि तिचा राग सगळ्यांत शेवटी निवळतो. माफी कधी द्यायची हे तिच्या हातात आहे, त्याच्या नाही.

अर्थात एकसष्ट भाग आणि तेरा भाग यांत फरक आहे. निर्माते तुला छोटा भीमचं उदाहरण देतील, की कालिया बघा, दर भागात तसाच. बरोबर आहे, कुठलाही भाग कुठल्याही दिवशी दाखवायचा असेल तर कुणालाच बदलता येत नाही. तुझी मालिका क्रमानेच बघायची आहे, हे आधी त्यांच्याकडून लिहून घे.

आणि तेरा भागांत बसत नसेल तर म्हंकाळाला सुधारूच नकोस. आपल्या तालुक्याच्या टोकाला, नीरा-भीमेच्या संगमावर, नरसिंहपूर आहे. हिरण्यकशिपू आपण नुसता राक्षस म्हणून लक्षात ठेवतो. पण विष्णूने वराह होऊन त्याचा भाऊ मारला होता. त्याचं वैर तिथून सुरू होतं, आणि पोटचा पोरगा त्याच विष्णूचं नाव घेऊ लागतो. एवढं कारण असूनही तो शेवटपर्यंत बदलत नाही. भागवतात नरसिंह प्रल्हादाला वर माग म्हणतो, तेव्हा ज्याने आपल्याला इतकं छळलं त्या बापाची शुद्धी व्हावी असंही हा पोरगा मागतो. सुधारणा नाही, पश्चात्ताप नाही, तरी ऐकणाऱ्याचा घसा दाटतो.

शेवट प्रेक्षकांना आधीच कळेल याची काळजी तू पत्रात केलीयस. ती सोड. बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाइकांच्या आश्रयाला राहून मोरोपंतांनी रामायण शंभरावर वेळा लिहिलं. रावणाचं काय होतं ते वाचणाऱ्याला पहिल्या वेळीही ठाऊक होतं.

आता जरा कडक बोलते. म्हंकाळाची जी चित्रं पाठवलीस त्यात तो वस्तीत सगळ्यात काळा, डोळे तांबडे, आणि वेश थेट फिरस्त्या लोकांचा. हे बदल. पुरंदरातल्या भिवडीचे उमाजी नाईक इंग्रजांच्या दप्तरात दरोडेखोर होते. १८३२ साली पुण्यात त्यांना फाशी झाली, आणि आज आपण त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणतो. १८७१च्या कायद्याने तर जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो शिक्का कागदावरून पुसला. आपल्या माळावरच्या पारध्यांच्या पोरांना विचार, लोकांच्या नजरेतून पुसलाय का. तुझं कार्टून ती पोरंही बघणार आहेत. म्हंकाळ दिसायला तुझ्या-माझ्यासारखा काढ, पांढऱ्या सदऱ्यातला, शांत बोलणारा. भीतीही जास्त वाटेल.

शेवटच्या भागासाठी मला एक सुचतंय, पटलं तर घे. देऊळ पाण्याबाहेर आलंय, कळसापासून पायरीपर्यंत उघडं. इतकी वर्षं ज्यासाठी धडपडला ते समोर आहे. आणि धरणाचे दरवाजे बंद करायला त्या रात्री तो एकटाच तिथे आहे. बंद केले नाहीत तर खाली पंढरपुरापर्यंत लोंढा जाईल. केले तर देऊळ पुन्हा बुडेल, या वेळी त्याच्या हाताने. त्याला इथे एकही संवाद देऊ नकोस. दुसऱ्या दिवशी कुणी टाळ्या वाजवत नाही. तो जाळलेल्या होड्यांपैकी पहिली दुरुस्त करायला बसतो आणि ज्यांची होडी, ते त्याच्याशी बोलत नाहीत.

तेव्हा तेराव्या भागातली मिठी आधी काढून टाक. मग नायिकेच्या आईला त्याच्यासमोर उभी कर. होडी तिची जळालीय. ती काय बोलते ते लिही आणि मला पाठव. तुकोबांच्या पालखीचं रिंगण इंदापुरात होईल तेव्हा येणार असशील तर खर्डा सोबतच आण, समोर बसून वाचू.

तुझी,
आत्या