वेगवान एसएसडी आणि विदर्भाचा उन्हाळा

एसएसडीच्या वेष्टनावर ठळक अक्षरांत छापलेला वेग हा त्या वस्तूचा स्थायी गुण नसून, ती थंड असताना, रिकामी असताना आणि थोड्याच अवधीसाठी राबविली असताना प्रकट होणारा गुण आहे, ही गोष्ट मला ज्या प्रसंगाने कळली, त्याची हकीकत तपशीलवार लिहून ठेवावी असे फार दिवसांपासून मनात होते. ज्यांचे काम पत्रव्यवहारापुरते आहे त्यांना या विवेचनाचा विशेष उपयोग होणार नाही. परंतु चित्रफिती, ध्वनिमुद्रणे किंवा कागदपत्रांच्या प्रतिमा यांचे मोठे साठे हलविण्याचे काम ज्यांच्या माथी आहे, आणि तेही उष्ण प्रदेशात, त्यांनी ते अवश्य वाचावे.

विदर्भातील एका खासगी संग्रहातल्या मोडी कागदांच्या प्रतिमा घेण्याच्या कामावर माझी देखरेख असते. साधारण ए-४ आकाराच्या कागदाची ४०० डीपीआयने घेतलेली रंगीत टिफ प्रतिमा ४५ एमबीच्या घरात जाते. एकेका रुमालात असे कित्येक कागद, आणि असे रुमाल कपाटामागून कपाटे भरतील इतके. सबब जुन्या साटा एसएसडीचा सेकंदाला सुमारे ५५० एमबीचा वेग आम्हाला अपुरा पडू लागला, आणि नव्या संगणकात पीसीआयई ४.० जातीची, ७,००० एमबी वेगाची ग्वाही देणारी, दोन टीबीची एम.२ डिस्क बसविण्यात आली. थंडीच्या दिवसांत तिने आपले काम चोख बजावले. चाचणीचे आकडे वेष्टनावरील आकड्यांशी जुळले, आणि तेवढ्यावर सर्वांचे समाधान झाले.

पुढे वैशाखात, बाहेर पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असताना, सबंध हंगामाच्या प्रतिमांची दुसरी प्रत त्या डिस्कवर घेण्याचे काम रात्री लावून ठेवण्यात आले. आरंभी वेग अपेक्षेप्रमाणे होता; काही वेळाने तो एकाएकी खाली आला, मग वर चढला, पुन्हा पडला, आणि अखेर डिस्क संगणकाच्या यादीतूनच नाहीशी झाली. सकाळी संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ती जागेवर दिसू लागली, आणि यादीतील शेवटच्या फाइलींची नावे व आकारही बरोबर दिसले. तथापि उघडून पाहता त्यांतील काहींचा उत्तरभाग कोरा निघाला. नक्कल करताना विंडोज अनेकदा फाइलीचा आकार आधीच राखून ठेवते व मजकूर मागाहून भरते, त्यामुळे निव्वळ फाइलींची संख्या आणि आकार ताडून प्रत पुरी झाली असा निर्वाळा देणे हे किती धोक्याचे आहे, ते त्या सकाळी दिसले. मूळ प्रत सुरक्षित होती म्हणून हानी झाली नाही. त्या दिवसापासून प्रत्येक प्रतीची एसएचए-२५६ मुद्रा, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून निघणारी अंकी खूण, काढून ती मूळ प्रतीशी ताडल्याखेरीज कोणतीही फाइल दप्तरी दाखल होत नाही.

वेग पडण्याची कारणे दोन होती, आणि ती एकमेकांत मिसळल्यामुळे निदानाला वेळ लागला. पहिल्या कारणाचा उष्णतेशी संबंध नाही. आजच्या बहुतेक डिस्कांत फ्लॅश स्मृतीच्या एका कोशात तीन बिट (टीएलसी) अथवा चार बिट (क्यूएलसी) साठवितात, आणि इतक्या सूक्ष्म भेदाने विद्युत्भार भरणे हे सावकाशीचे काम आहे. म्हणून नियंत्रक चिप मोकळ्या कोशांत तूर्त एकेकच बिट लिहून घेते, आणि उसंत मिळाली की तोच मजकूर दाटीने मांडून ठेवते. बाजार समितीच्या आवारात गाड्यांतील माल आधी ओट्यावर भराभर उतरवून घ्यावा आणि मग गोदामात थप्पी लावावी, तशी ही व्यवस्था आहे. ओटा भरला की मागच्या गाड्यांना थांबणे भाग पडते. हा ओटा मोकळ्या जागेतूनच निर्माण होत असल्याने डिस्क जसजशी भरत जाते तसतसा तो आखूड होतो. चांगली टीएलसी डिस्क ओटा भरल्यावरही सेकंदाला हजार-दीड हजार एमबी लिहू शकते. क्यूएलसी डिस्कांचा वेग मात्र कित्येकदा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या पातळीवर येतो, आणि विक्रेत्याच्या जाहिरातीत याचा उच्चारही नसतो. प्रचलित चाचण्यांतूनही हे उघड होत नाही, कारण क्रिस्टलडिस्कमार्क मूळ मांडणीत अवघ्या एक जीबीच्या फाइलीवर मोजमाप करते, आणि एवढ्याने ओट्याचा कोपराही भरत नाही.

दुसरे कारण उष्णतेचे, आणि आमच्या प्रदेशात तेच अधिक जाचक आहे. एम.२ पट्टीची रुंदी २२ मिलिमीटर आणि लांबी बहुधा ८० मिलिमीटर. एवढ्याशा जागेत नियंत्रक चिप भरवेगात अनेक वॅट वीज रिचविते, आणि पीसीआयई ५.० जातीच्या काही डिस्का तर दहा वॅटच्याही पुढे जातात. ठरावीक भार आणि ठरावीक वारा असताना ही चिप भोवतालच्या हवेपेक्षा जवळजवळ ठरावीक अंशांनीच अधिक तापते. ही वाढ ४५ अंशांची आहे असे क्षणभर धरले, तर २५ अंशांच्या हवेत चिप ७० अंशांवर स्थिरावेल, आणि ४२ अंशांच्या हवेत तीच चिप ८७ अंशांवर जाईल. थंड देशांत, वातानुकूलित खोलीत, उघड्या बाकावर केलेल्या परीक्षणात जी डिस्क निर्दोष ठरते, ती नागपुरात वा चंद्रपुरात बंद कॅबिनेटमध्ये का धापा टाकते, याचे उत्तर या साध्या बेरजेत आहे. कारण कॅबिनेटमधील हवा खोलीतील हवेहून आणखी काही अंशांनी उष्ण असते, आणि डिस्कला भोवते ती हीच हवा. बऱ्याच डिस्कांच्या तपशिलात कार्यकारी तापमान ० ते ७० अंश सेल्सियस असे नमूद असते. मर्यादा ओलांडू लागली की डिस्क प्रथम आपला वेग स्वतःच कमी करते, आणि एवढ्यानेही भागले नाही तर स्वसंरक्षणार्थ काम थांबविते. आमची डिस्क रात्रीतून नाहीशी झाली ती याच नियमाने.

ही दोन कारणे वेगळी ओळखण्याची खूण आहे. ओटा भरल्यामुळे पडलेला वेग ठरावीक इतका मजकूर लिहून झाल्यावर एकदाच पायरीसारखा खाली येतो, मग खोली थंड असो वा गरम. उष्णतेमुळे पडलेला वेग करवतीच्या दात्यांप्रमाणे खालीवर होत राहतो, कारण डिस्क मंदावली की निवते, निवली की धावते, आणि धावली की पुन्हा तापते. एचडब्ल्यूइन्फोसारखे साधन चालू ठेवून वेग आणि तापमान यांचे आलेख शेजारीशेजारी पाहिले, म्हणजे शंका राहत नाही.

कॅबिनेट उघडल्यावर आढळले ते असे. जोडणी करून देणाऱ्या कारागिराने डिस्क ग्राफिक्स कार्डाच्या थेट खालच्या खाचेत बसविली होती, म्हणजे कार्डाची सारी ऊब तिच्या अंगावर येत होती. हीटसिंक लावलेला होता, पण त्याखालच्या थर्मल पॅडवरील पारदर्शक संरक्षक पापुद्रा काढलेलाच नव्हता, त्यामुळे पॅड चिपेला नीट चिकटला नव्हता. आणि समोरच्या जाळीवर धुळीचा थर बसून वाऱ्याचा मार्ग अडला होता. डिस्क प्रोसेसरलगतच्या वरच्या खाचेत हलविली, पापुद्रा काढला, जाळी धुतली, आणि समोरून हवा आत ओढणारा एक पंखा वाढविला. एवढ्यावर त्याच उन्हाळ्यात तेच काम वेग न मोडता पार पडू लागले. किमती हीटसिंकची आवश्यकता पडली नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की, वारा खेळत नसेल तर धातूचा कितीही मोठा ठोकळा थोडा वेळ उष्णता सामावून घेण्यापलीकडे काही करीत नाही, आणि संथ वारा असेल तर मदरबोर्डबरोबर आलेली साधी पट्टीही पुष्कळ असते.

आणखी दोन सावधगिऱ्या. डिस्कवरील चिकटपट्टी उष्णता अडवील या समजुतीने ती खरवडून काढू नये. काही डिस्कांत तिच्यातच तांब्याचा पत्रा असतो, आणि ती फाडल्यास वॉरंटीचा हक्क जाण्याचा संभव असतो. डिस्क बर्फासारखी गार ठेवण्याचा हव्यासही नको, कारण निववायची ती मुख्यतः नियंत्रक चिप. फ्लॅश स्मृतीला लिहिताना थोडी ऊब मानवते. कूलरचा झोत कॅबिनेटवर सोडण्याची चाल आमच्याकडे सर्रास आहे. ती मला पसंत नाही, कारण त्या हवेबरोबर ओलावाही यंत्रात शिरतो.

आमच्या डिस्कप्रमाणे पीसीआयईवर चालणारी प्रत्येक एनव्हीएमई डिस्क आपला जमाखर्च स्वतः लिहून ठेवते, ही सोय फार थोड्यांना ठाऊक असते. इशाऱ्याच्या तापमानावर आणि निकराच्या तापमानावर आपण एकूण किती मिनिटे काढली, याच्या दोन नोंदी तिच्या स्मार्ट माहितीत असतात, आणि लिनक्सवर एनव्हीएमई-सीएलआयच्या एका आज्ञेने त्या वाचता येतात. निर्मात्याने त्या राखल्या असतील तर उन्हाळ्याच्या तोंडी एकदा आणि मृगाच्या पावसानंतर एकदा त्या टिपून ठेवाव्यात. आकडा वाढला असेल तर विकत काही आणण्यापूर्वी कॅबिनेट उघडून पाहावे.

नवी खरेदी करताना प्रथम आपले काम काय ते ठरवावे. संगणक सुरू होणे, कार्यक्रम उघडणे, लहान लहान फाइली चाळणे या कामांत डिस्क एका वेळी चार केबीचे तुकडे वाचीत असते, आणि तेथे अत्यंत महाग डिस्कचाही वेग सेकंदाला शंभर एमबीच्या आसपासच घुटमळतो. तेव्हा अशा कामासाठी १२,००० एमबीची पीसीआयई ५.० डिस्क घेणे म्हणजे न लागणाऱ्या वेगासाठी पैसे आणि उष्णता दोन्ही पदरात घेणे होय. सलग मोठे लेखन करणाऱ्याने ओटा भरल्यानंतरचा वेग दाखविणारे परीक्षण शोधावे, शक्यतो टीएलसी घ्यावी, आणि पाचवा हिस्सा तरी जागा नेहमी मोकळी राखावी. यूएसबी पेटीत घालून वापरायची असेल तर १० गिगाबिटची जोडणी सेकंदाला सुमारे हजार एमबीवरच अडते, आणि बंद पेटीत वारा मुळीच नसतो. तेथे मध्यम वेगाची, कमी वीज खाणारी डिस्कच शहाणपणाची.

राहिला प्रश्न साठवणुकीचा, आणि तो आमच्यासारख्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. कोशांतील विद्युत्भार वीज नसताना हळूहळू झिरपतो, आणि उष्ण जागी तो लवकर झिरपतो. जेडेक या प्रमाणक ठरविणाऱ्या संस्थेच्या जेईएसडी२१८ या प्रमाणकात घरगुती वापराच्या डिस्कने, तिचे नेमून दिलेले लेखन संपल्यानंतर, ३० अंश तापमानात विजेविना एक वर्ष मजकूर टिकवावा अशी अपेक्षा आहे. मोठ्या व्यावसायिक डिस्कांकरिता ती ४० अंशांवर तीन महिन्यांची आहे. नव्या डिस्कची धारणा याहून पुष्कळ अधिक असते, हे खरे. तरीपण पत्र्याच्या छपराखालच्या कपाटात, उन्हाळ्यामागून उन्हाळे, कागदपत्रांची एकमेव प्रत एसएसडीवर ठेवून देणे मला मान्य नाही. आमच्या येथे एसएसडी केवळ चालू कामासाठी असते. मुद्रा ताडून झाल्या की प्रतिमा दोन हार्ड डिस्कांवर उतरविल्या जातात, त्यांपैकी एक दुसऱ्या गावी रवाना होते, आणि दर वर्षी दिवाळीनंतर दोन्ही डिस्का जोडून प्रत्येक फाइलीची मुद्रा पुन्हा काढली जाते.