घरातील कामाचे बाक : छंद आणि अर्थव्यवहार

भारतीय मध्यमवर्गीय घरात स्वयंपाक, पूजा आणि अभ्यास यांच्या जागा ठरलेल्या असतात. हाताने काही घडविण्यासाठी मात्र जागा नसते. पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर बिस्किटांच्या जुन्या डब्यात पडून असतात, आणि ऐन वेळी तो डबा सापडत नाही. हा केवळ जागेच्या टंचाईचा प्रश्न नाही, कारण प्रशस्त बंगल्यांतही कामाचे बाक क्वचितच आढळते. हातकाम ठरावीक जातींकडे सोपविणारी समाजरचना आणि अल्प मोबदल्यात उपलब्ध होणारा कारागीर ही त्यामागील अधिक खोल कारणे होत.

शिक्षणाच्या क्षेत्रात ही दरी सांधण्याचे प्रयत्न झाले. महात्मा गांधींनी १९३७ च्या वर्धा परिषदेत हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणण्याचा विचार मांडला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन करून कामातून शिक्षणाचा प्रयोग उभा केला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल नवोन्मेष अभियानाने देशातील हजारो शाळांत टिंकरिंग प्रयोगशाळा पोहोचविल्या. परंतु शाळा सुटली की प्रयोगशाळेला कुलूप लागते. पुढचा सराव घरीच व्हावयास हवा.

त्यासाठी स्वतंत्र खोली लागत नाही. भिंतीला बिजागऱ्यांनी जोडलेली, काम संपताच मिटणारी जाड प्लायवूडची फळीही पुरते. मात्र ती डुगडुगता कामा नये. उभ्याने काम करायचे असल्यास उंची साधारण कमरेइतकी असावी. आपला पारंपरिक सुतार जमिनीवर बसून पायाच्या पकडीत लाकूड धरतो, हेही विसरू नये. त्या पद्धतीत एक ठेंगणा चौरंग भागतो. पहिली खरेदी व्हाइसची करावी, कारण तो तिसऱ्या हाताचे काम करतो. त्यानंतर करवत, हातोडी, कानस, गुण्या आणि एक चांगली पटाशी. स्वस्तातल्या बारा पटाश्यांच्या संचापेक्षा धार टिकविणारी एकच पटाशी बरी. बोथट हत्याराला जोर अधिक लावावा लागतो, ते निसटते आणि हाताला लागते. विजेचे ड्रिल नंतर घेतले तरी चालते, पण अर्थिंग आणि डोळ्यांना चष्मा याबाबत तडजोड नसावी.

या बाकावर बनलेले पहिले स्टूल बाजारातील स्टुलापेक्षा महागच पडते. लाकूड वाया जाते, सांधे बसत नाहीत, चार रविवार खर्ची पडतात. बचतीच्या हिशेबाने हा व्यवहार तोट्याचा ठरतो. तथापि हा हिशेबच अपुरा आहे. मजुरीच्या कामात वेळ हा खर्च असतो. छंदात तोच वेळ लाभाच्या रकान्यात जातो. रंध्याखालून सलग निघणारी लाकडाची साल पाहण्याचा आनंद कोणत्याही किमतीत उमटत नाही.

सांख्यिकीलाही हे बाक पेचात टाकते. वेळेच्या वापराच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार घरासाठी टेबल बनविणे हे स्वतःच्या उपभोगासाठी वस्तूंचे उत्पादन, मोडकी खुर्ची दुरुस्त करणे ही बिनमोबदला घरगुती सेवा, तर जहाजाची प्रतिकृती करणे हा छंद. माणूस तोच, बाक तेच, पण राष्ट्रीय उत्पन्नाच्या व्याख्येत बसते ते फक्त टेबल. या तिन्हींतून हाताला येणाऱ्या कौशल्याची नोंद कोठेच होत नाही.

हौशी मंडळी सुताराचे काम हिरावून घेतील, ही शंका मात्र टिकणारी नाही. ज्याने स्वतः एक सांधा बसविला आहे, त्याला कारागिराच्या दरामागील श्रम कळतात आणि तो घासाघीस कमी करतो. शिवाय शिकविणारा कोणी तरी लागतोच. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दप्तराविना दिवस सुचविले असून त्यांत सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांकडे शिकणे अपेक्षित आहे. गृहनिर्माण सोसायट्यांनीही वापरात नसलेल्या एखाद्या खोलीत सामाईक बाक मांडून, परिसरातील सुताराला महिन्यातील दोन रविवार योग्य मानधनावर बोलावण्यास हरकत नाही. तेथे मुलींच्या हातीही करवत द्यावी.