थ्रॉटल बदलण्यापूर्वी

चिरंजीव भाचेबुवांस,


पत्र पोचलं. तुझ्या आरव्ही-७ विमानाचे जुने नॉब काढून तिन्ही जागी व्हर्निअर, म्हणजे पिळून बारीक फरक करता येणारे नॉब, बसवायचे आणि सोबत प्रॉपेलरही कॉन्स्टंट-स्पीड करायचा, असा तुझा बेत दिसतो. मिक्स्चरला व्हर्निअर जरूर बसव. एक्झॉस्टच्या तापमानावर नजर ठेवून मिश्रण हळूहळू पातळ करताना ते पिळून फिरवणं फार सोयीचं पडतं. प्रॉपेलरलाही चालेल. थ्रॉटलला मात्र नको. उतरताना ऐनवेळी ताकद लागली, तर व्हर्निअरचं मधलं बटण दाबायचं भान ठेवायला कुणाला सवड असते? तिथे फ्रिक्शन लॉकवाला साधा नॉबच उत्तम.

पण नॉबांची चर्चा तू मनसोक्त केलीस आणि फायरवॉलपलीकडचं, इंजिनाकडचं, अवाक्षर नाही. खरं काम तिकडे आहे. कार्ब्युरेटरच्या दांड्याला केबल जिथे जोडली जाते तिथला बोल्ट फिरता असतो, म्हणून नुसता नायलॉनचा लॉकनट चालत नाही. भोक पाडलेला बोल्ट, कास्टल नट आणि कॉटर पिन हवी. रॉड-एंडच्या बाहेरच्या बाजूला मोठा वॉशर घाल. आतला गोळा झिजून निसटला तरी केबल त्या वॉशरला अडकून राहते. क्षुल्लक किमतीची ती चकती, आणि लोक तिथेच कंजुषी करतात! इंजिन रबरावर बसलेलं असतं, हलतं. केबलला तेवढी सैल वळणं दे, पण बारीक वळसे नकोत. दांडा दोन्ही टोकांना कार्ब्युरेटरच्या थांब्याला आधी टेकला पाहिजे, आणि पॅनेलवर नॉबाला तेव्हा सुमारे अष्टमांश इंच जागा उरली पाहिजे. उलट झालं तर तुला पूर्ण थ्रॉटल दिल्यासारखा वाटेल आणि मिळणार नाही.

केबल तुटली तर दांडा कुठे जाईल, हेही आधीच ठरव. रोटॅक्स ९१२ च्या बिंग कार्ब्युरेटरांना स्प्रिंग असते, ती थ्रॉटल पूर्ण उघडते. तुझ्या लायकॉमिंगवर तशी स्प्रिंग नसेल तर सगळं कंपनांच्या मर्जीवर.

नॉबांची जागा बदलण्याचा मोह तर टाळच. १२ ऑक्टोबर १९९७ ला गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात मॉन्टेरेजवळ समुद्रात कोसळला, ते विमान घरी बांधलेलं लाँग-ईझी होतं. रचनाकार बर्ट रुटानच्या मूळ आराखड्यात टाकी बदलायचा कॉक वैमानिकाच्या पुढ्यात आहे. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेला. हेतू वाईट नव्हता, इंधनाची नळी केबिनमध्ये नको एवढाच. पण कॉक फिरवायला अंग वळवावं लागे, आणि वळताना उजवा पाय रडरवर दाबला गेला, असा निष्कर्ष अमेरिकेच्या अपघात-तपास मंडळाने (एनटीएसबी) काढला. कॉकवर खुणा नव्हत्या, विमान त्याला नवखं होतं आणि निघताना इंधनही भरलेलं नव्हतं. म्हणून थ्रॉटल काळा, प्रॉपेलर निळा, मिक्स्चर लाल हा क्रम आणि नॉबांचे वेगवेगळे आकार जसेच्या तसे ठेव. अंधारात बोटांना ते कळले पाहिजेत.

प्रॉपेलरचं म्हणशील तर आधी तुझ्या लायकॉमिंग ओ-३६० इंजिनाचं नेमकं मॉडेल तपास. प्रॉपेलरचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरचं तेल पोकळ क्रँकशाफ्टमधून पुढे जातं, आणि भरीव शाफ्टचीही इंजिनं निघाली आहेत. केबल बदलणं लहान काम, लॉगबुकात नोंद केलीस की झालं. प्रॉपेलर मात्र मोठा बदल. तुझ्या ऑपरेटिंग लिमिटेशन्स काढून वाच. अशा बदलानंतर बहुधा किमान ५ तासांची चाचणी उड्डाणं पुन्हा करावी लागतात.

ते तास पुरे होईपर्यंत सूनबाईला शेजारी बसवू नकोस. ती कितीही हट्ट करो.

तुझा,
मामा