छायाचित्रकारांची सभा

छायाचित्रे काढण्याची हौस एकट्याने पुरवावी, की एखाद्या मंडळाचे सभासद व्हावे? हा प्रश्न जुनाच आहे.

इ. स. १८५४ मध्ये मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. त्या काळी ही कला मोठी कष्टाची होती. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यावयाचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची आणि ओली आहे तोच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे. लगेच अंधाऱ्या खोलीत जाऊन ते उमटवावयाचे. उकाड्यात काच पाहता पाहता वाळे आणि सारी मेहनत फुकट जाई. बोटे काळी पडत, ती वेगळीच! अशा वेळी दुसऱ्याची काच का बिघडली, हे कळणे मोलाचे होते. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही वैद्यकी सांभाळून या सोसायटीचे सभासद झाले.

आज कॅमेरा खिशात मावतो. मग मंडळ कशाला? तेथे वर्गणी द्यावी लागते, सुटीची सकाळ मोडते, आणि आपल्या आवडत्या चित्रातील क्षितिज तिरपे आहे असे कोणी चारचौघांत म्हटले, तर ते ऐकून घ्यावे लागते. हेच पुष्कळांना जड जाते. घरची माणसे कौतुकच करीत असतात. ज्याला केवळ आठवणी जपावयाच्या आहेत, त्याने खुशाल घरी राहावे. ज्याला आपले चित्र कोठे फसले हे जाणावयाचे आहे, त्याने वर्गणी भरण्यापूर्वी एकदा पाहुणा म्हणून बैठकीस जावे, आणि फसलेल्या चित्राविषयी तेथील मंडळी कशी बोलतात, ते पाहावे.