पॅड बांधून बसलेला मुलगा

चि. भाचीस,


नववीच्या वर्गात शाळेने उपक्रमांचा तक्ता वाटला आणि तुझ्या यादीत एकदम पाच गोष्टी आल्या: मल्लखांब, बुद्धिबळ, नाटक, होमी भाभा परीक्षा आणि पक्षिनिरीक्षण. आईला वाटतं, एवढं झेपायचं नाही. शिवाय पुढल्या वर्षी दहावी, तेव्हा सगळं सोडावंच लागणार, मग सुरूच कशाला करायचं? बाबांना वाटतं, चार प्रमाणपत्रं गाठीशी असलेली बरी. लालबागच्या दोन खोल्यांत राहून तुझ्या शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्या आईबापांनी ही काळजी करायलाच हवी. तरी मामाचं म्हणणं थोडं वेगळं आहे. पाचांतली एकच गोष्ट धर, आणि ती दहावीतही सोडू नकोस. कोणती धरायची ते ठरवताना उपयोगी पडतील अशा काही माणसांच्या गोष्टी पुढे लिहिल्या आहेत. बहुतेक आपल्याच भागातल्या, गिरगाव ते दादरच्या मधल्या.

पहिली गोष्ट दादरमध्ये लहान पोरालाही ठाऊक असते, पण अर्धीच. फेब्रुवारी १९८८. आझाद मैदानावर हॅरिस शील्डची उपांत्य फेरी चालली होती. १८९६ पासून चालत आलेली ही शालेय क्रिकेटची स्पर्धा. दादरची शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेवियर्स. ८४ धावांवर शारदाश्रमचे दोन गडी बाद झाले होते. तिथून सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६. इथवर सगळे सांगतात. पण यांच्यातला एक जण बाद झाला की मैदानात उतरायचं, म्हणून त्याच संघातला तेरा वर्षांचा अमोल मुझुमदार पॅड बांधून बसला होता. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पॅड चढवले. शेवटी डाव घोषित झाला आणि अमोलला एकही चेंडू खेळायला मिळाला नाही. धावफलकात त्या बसण्याची नोंद कुठेच नाही.

पुढचं अधिक महत्त्वाचं. हा मुलगा रमाकांत आचरेकर सरांच्या नेटमध्ये येत राहिला. १९९३-९४ च्या मोसमात रणजी पदार्पणातच त्याने हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीत ११ हजारांहून जास्त धावा काढल्या, मुंबईचं नेतृत्व करून २००६-०७ चा रणजी करंडक जिंकून दिला, आणि तरीही भारताकडून एकदाही खेळायला मिळालं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघाने विश्वचषक उचलला तेव्हा त्या संघामागे तो उभा होता. त्या रात्री तूही टीव्हीसमोर जागीच होतीस.

उपक्रम निवडताना आधी हे बघायचं: ज्या दिवशी आपली पाळी येणार नाही, त्या दिवशीही तिथे जावंसं वाटेल का? बक्षीस समारंभाला सगळ्यांनाच जायचं असतं. नुसतं पॅड बांधून बसायची तयारी ज्या गोष्टीसाठी मनात असते, ती आपली.

मल्लखांबाचं तुझ्या यादीत पहिलं नाव आहे, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी कित्येक दशकं मुलामुलींना मल्लखांब शिकवला. दृष्टिहीन मुलांनाही शिकवला. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कवरच झाली आणि परदेशांतले खेळाडू दादरच्या मातीत उतरले. प्रात्यक्षिकं बघताना मुलं हवेत तरंगल्यासारखी वाटतात, दहा-बारा जणांचा मनोरा डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि तो बघून नाव घालायचा मोह होतो.

सुरुवात मात्र साध्या अढीने होते. एरंडेल लावलेला गुळगुळीत खांब, त्याला पोटऱ्या आणि मांड्यांची मिठी घालायची, घसरायचं, पुन्हा चढायचं. दोरीवर तर पायाचा अंगठा आणि त्याशेजारचं बोट यांच्या चिमटीत दोर पकडून सगळं अंग तोलायचं असतं. त्या दोन बोटांमधली कातडी पहिल्या काही आठवड्यांत सोलवटते, मग घट्टे पडतात, आणि मगच दोर साथ देऊ लागतो. दसरंग, फरारे, सुईदोरा ही सगळी पुढची मजल. घट्टे पडेपर्यंतचे ते आठवडे ज्याला नकोत, त्याने मनोऱ्याचे फोटो बघून नाव देऊ नये. आणि ज्याला ते चालतील, त्याला आयुष्यभर पुरेल असं शरीर मिळतं. तू एकदा सकाळी जाऊन नवशिक्यांची तुकडी बघ. प्रात्यक्षिकाचा दिवस सोडून, साध्या दिवशी जा.

आता पक्षी. गिरगावातल्या खेतवाडीत एक पोरका मुलगा मामाकडे वाढत होता. हा मामा म्हणजे अमिरुद्दीन तय्यबजी, आणि मुलगा सालीम अली, जन्म १२ नोव्हेंबर १८९६. दहा-बारा वर्षांचा असताना त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. उचलून पाहतो तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग कोणती? मामाने ‘असेल काहीतरी’ म्हणून विषय मिटवला नाही. तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा सदस्य होता. त्याने मुलाला चिठ्ठी देऊन संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे धाडलं. मिलार्डनी चिमणी ओळखली, आणि मग कपाटाचे खण एकामागून एक उघडून भुसा भरून जपलेले पक्षी त्या पोराला दाखवले. वाचायला पुस्तकं दिली. पुढे पक्षी सोलून जतन करायला शिकवण्याचीही व्यवस्था केली. हा मुलगा शाळेत काही चमकला नाही. १९१३ मध्ये कसाबसा मॅट्रिक झाला. भारतातल्या पक्ष्यांचा अभ्यास मात्र पुढे त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे त्यांचं आत्मचरित्र १९८५ मध्ये आलं. नववीच्या मुलीला सहज वाचता येईल असं आहे, जरूर वाच.

या गोष्टीत चिमणीपेक्षा तो उघडलेला खण मोठा आहे. १८८३ मध्ये स्थापन झालेली ती संस्था आजही फोर्टात लायन गेटसमोर हॉर्नबिल हाउसमध्ये आहे, लालबागहून बसने जाता येतं. उपक्रम निवडताना तिथे आपल्यासाठी खण उघडणारं कोणी आहे का, हे आधी बघ. शाळेच्या निसर्ग मंडळाचे शिक्षक हौशी असतील, स्वतः भटकणारे असतील, तर ते मंडळ सोन्यासारखं. नुसती वर्षातून एक सहल आणि भिंतीवर तक्ता असेल तर त्यापेक्षा रविवारी सकाळी शिवडीच्या खाडीवर जाऊन रोहित बघणं बरं. हिवाळ्यात परळपासून हाकेच्या अंतरावर ते हजारोंनी उतरतात.

बुद्धिबळासाठी तर मंडळसुद्धा लागत नाही, समोर खेळणारं माणूस लागतं. गिरगावच्या खाडिलकरांच्या घरात ती सोय घरातच होती. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली: वासंती, जयश्री, रोहिणी. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये वासंतीने जिंकली, पुढची जयश्रीने, १९७६ ची रोहिणीने. तेव्हा रोहिणी तेरा वर्षांची होती. त्याच वर्षी ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. मुलीने पुरुषांत खेळावं का यावरून मोठं वादळ उठलं, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्णय दिला की कोणत्याही राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. गिरगावच्या एका शाळकरी मुलीमुळे जगभरच्या मुलींसाठी दार उघडं झालं. तुझ्या वर्गातली मुलं ‘मुलींना काय जमणार’ म्हणाली, की त्यांना हे वर्ष सांग.

नाटकाबद्दल थोडक्यात. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं आणि मराठी बालरंगभूमी खऱ्या अर्थाने उभी राहिली. मुलांचं नाटक म्हणजे गॅदरिंगची गंमत, हा समज त्यांनी मोडला. शाळेच्या नाटकात मोठी भूमिका मिळाली नाही तर रुसू नकोस. प्रकाशयोजना, नेपथ्य, प्रॉम्प्टिंग माग. तालीम किती शिस्तीची गोष्ट आहे ते विंगेतून जास्त कळतं.

होमी भाभा परीक्षा मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ घेतं, १९८१ पासून, सहावी आणि नववीच्या मुलांसाठी. लेखी, मग प्रात्यक्षिक, मग कृती संशोधन प्रकल्प आणि मुलाखत. अलीकडे लेखी परीक्षेसाठी क्लास निघालेत, जाडजूड पुस्तकं निघालीत, आणि मुलं तेही घोकतात. ते टाळ. खरा जीव प्रकल्पात आहे. लालबागमध्ये विषयांना तोटा नाही: मसाला कांडून देणाऱ्या दुकानांत दिवसभर उडणारी मिरचीची पूड, विसर्जनाच्या रात्रीचा आवाज, चाळीतल्या ओल्या भिंती. लेखीत अडकलीस तरी प्रकल्प कर. तो करण्यासाठी कोणाची निवड यादी लागत नाही.

तुझ्या यादीत नसलेली एक गोष्ट इथे लिहिली पाहिजे, कारण ती तू आधीपासून करतेस. गेल्या गणपतीत वर्गणीचं पावतीपुस्तक तुझ्याकडे होतं, आणि चाळीच्या लहान मुलांच्या स्पर्धाही तूच घेतल्यास. १८९३ मध्ये गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला, तेव्हापासून गिरगाव-लालबागच्या पोरांनी मंडळातच हिशेब, भाषण, भांडण मिटवणं आणि रात्रभर जागून मखर पुरं करणं शिकून घेतलं. कोणतीही शाळा याचं प्रमाणपत्र देत नाही. पण पावतीपुस्तकातला शेवटचा रुपया जुळेपर्यंत तू उठली नाहीस, हे आईने फोनवर किती अभिमानाने सांगितलं! ते काम कमी लेखू नकोस. पाचांपैकी एकही गोष्ट निवडावीशी वाटली नाही, तर हेच काम नीट, वर्षभर, ग्रंथपेटी आणि अभ्यासिका जोडून करता येईल.

आता दहावीचा प्रश्न. १९९७ मध्ये अमेरिकेत जोसेफ महोनी आणि रॉबर्ट केर्न्स या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ३९२ मुलांचा सातवीपासून बारावीपर्यंत मागोवा घेतलेला होता. शाळेच्या उपक्रमांत भाग घेणाऱ्या मुलांत शाळा सोडण्याचं प्रमाण कमी दिसलं, आणि हा फरक सर्वांत ठळक होता तो अभ्यासात आणि वागण्यात मागे पडलेल्या मुलांत. आपल्याकडे नेमकं उलट होतं. चाचणीत गुण घसरले की पहिली गदा मैदानावर, तबल्यावर, नाटकावर. ज्या मुलाला शाळेत यायला कारण उरलेलं नाही, त्याचं उरलंसुरलं कारणही आपण काढून घेतो. तुझ्या शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीचा खो-खो गणितापायी बंद झालाय म्हणालीस, तिच्या घरी जाऊन बोल. आई-वडिलांशी बोलायला शिक्षकांना सोबत ने.

तुझे गुण चांगले आहेत, तुला तो धोका नाही. तुझा धोका वेगळा: पाच ठिकाणी नाव, पाच टी-शर्ट, आणि एकाही ठिकाणी तू आली नाहीस म्हणून कोणाचं अडणार नाही. क्रीडा, चित्रकला, शास्त्रीय गायन-नृत्य, लोककला यांसाठी दहावीला वाढीव गुण मिळतात. नियम शाळेच्या कार्यालयात विचारून घे आणि मिळाले तर आनंदाने घे. त्या गुणांसाठी म्हणून काही सुरू केलंस तर गुण मिळाले त्या दिवशी ते थांबेल.

तेव्हा असं कर. दिवाळीपर्यंत वेळ घे. पाचही ठिकाणी एकेक आठवडा नुसती जाऊन बस. शिकवणारा माणूस चुकलेल्या मुलाशी कसा बोलतो ते बघ. जुनी मुलं नव्यांना शिकवतात का, ते बघ. घरून चालत किती वेळ लागतो, पावसात काय होतं, फी किती, संध्याकाळी परत येताना सोबत कोण असेल, हे वहीत लिही. मग एक नाव ठरव आणि उरलेल्या चार ठिकाणी स्वतः जाऊन नाही म्हणून सांग. नुसतं गैरहजर राहू नकोस. दहावीत आठवड्याचे दिवस सहावरून तीनवर आण, पण तीनाचे शून्य होऊ देऊ नकोस. बाकीचं, म्हणजे संध्याकाळच्या क्लासची वेळ बदलून घेणं आणि आईला पटवणं, मामाकडे लागलं. नाव ठरलं की तेवढं कळव.

तुझा,
मामा