वनककडी आणि पानातील तात्पुरती जनुके

वनककडी, अर्थात पोडोफायलम हेक्झँड्रम, ही हिमालयातील वनस्पती मुळांसाठी उपटली गेल्याने दुर्मिळ झाली आहे. तिच्यातील पोडोफायलोटॉक्सिनपासून एटोपोसाइड हे कर्करोगावरील औषध तयार होते. या औषधाचे पूर्वद्रव्य कोणत्या विकरांच्या क्रमाने घडते, हे स्टॅनफर्ड विद्यापीठातील लाउ व सॅटली यांनी २०१५ मध्ये दाखविले. त्यांची पद्धती समजून घेऊ.

ॲग्रोबॅक्टेरियम हा मातीतील जिवाणू स्वतःचा जनुकांश वनस्पतीच्या पेशीत घालतो. त्यातील गाठ उत्पन्न करणारी जनुके काढून तेथे इच्छित जनुक ठेवतात. जिवाणूंचे द्रावण बिनसुईच्या सिरिंजने पानाच्या खालच्या बाजूस दाबले, की पर्णरंध्रांतून आत पसरते. काही दिवस पान त्या जनुकानुसार विकर निर्माण करते. बीजात हा गुण उतरत नाही. तंबाखूच्या कुळातील निकोटियाना बेंथामियानाच्या पानांत अशी दहा जनुके एकत्र घातली असता हे पूर्वद्रव्य मिळाले.

आमच्या मते यातून दुहेरी बोध घ्यावा. पानात घडलेला एक रेणू म्हणजे वनककडी नव्हे. रस, गुण, वीर्य, विपाक यांचा विचार संपूर्ण द्रव्याचा असतो. तथापि हा रेणू अन्यत्र पुरेसा घडू लागल्यास वनस्पतीवरील ताण कमी होईल. तोपर्यंत मुळे कोठून आली, हे विचारल्याविना औषधालयांनी खरेदी करू नये.