आधी रुंदी, मग जाडी: धनुष्य तासणाऱ्या नातवाला कानमंत्र

बाळा, तिरकमठा स्वतःच्या हाताने करायचा म्हणतोस, तर रंधा उचलण्याआधी चार गोष्टी ऐक. मुठीच्या वर आणि खाली जो भाग वाकतो त्याला मी पात म्हणतो. दोरी पूर्ण खेचल्यावर हाताला जे वजन लागतं, ती धनुष्याची ओढ. ती पौंडांत मोजतात. शिकणाऱ्या पोराला 25 पौंड पुष्कळ झाले.

जाडीला हात जपून लाव. पातीची रुंदी दुप्पट केलीस तर ओढ दुप्पट होते. जाडी दुप्पट केलीस तर मात्र ती आठपट होते, कारण जाडीचा हिशेब घनाचा आहे. समज, पात 12 मिलिमीटर जाड, 40 मिलिमीटर रुंद आणि ओढ 40 पौंड. दोन्ही पातींची जाडी सगळीकडून फक्त 1 मिलिमीटर उतरवलीस की ओढ 31 पौंडांवर येते. त्याऐवजी रुंदी 4 मिलिमीटर कमी केलीस, तरी 36 पौंड शिल्लक राहतात. म्हणून आधी रुंदी पक्की कर, मग जाडी हळूहळू उतरव, आणि शेवटचे दोन-तीन पौंड कमी करायचे असतील तर पुन्हा कडांवर ये. तिथे रंधा एखादा हात जास्त फिरला तरी काम बिघडत नाही.

धनुष्य मोडू नये असं वाटत असेल तर ते पातळ आणि रुंद ठेव. वाकताना पातीची पाठ, म्हणजे तुझ्यापासून लांबची बाजू, ताणली जाते आणि पोट, म्हणजे तुझ्याकडची बाजू, दाबलं जातं. तेवढ्याच बाकाला जाड पातीवर जास्त ताण येतो, रुंदीने त्यात फरक पडत नाही. गळीत हंगामात आपल्याकडे उसाचे ट्रक उभे असतात, त्यांच्याखाली वाकून बघ. एकच जाड पाटा न घालता पातळ पाटे एकावर एक बसवलेले असतात, म्हणून ते वाकतात पण तुटत नाहीत. 12 मिलिमीटर जाड आणि 30 रुंद पातीची जी ओढ, तीच 10 जाड आणि 52 रुंद पातीची. दुसरी पात जास्त वाकणं सोसते. आखूड धनुष्याला हीच रीत बरी. लांब धनुष्याचं गणित वेगळं. इंग्लंडचं मेरी रोझ जहाज 1545 साली बुडालं आणि 1982 मध्ये वर काढलं. त्यातली यू झाडाच्या लाकडाची धनुष्यं दोन मीटरच्या आसपास लांब आहेत. बाक एवढ्या लांबीवर वाटला गेल्यामुळे ती अरुंद आणि जाड असूनही चालली.

रुंदी टोकापर्यंत नेऊ नको. वरच्या हिशेबात रुंद पातीत लाकूड जवळजवळ दीडपट लागलं. ते वजन टोकाशी राहिलं तर हाताची ताकद टोक हलवण्यातच जाते आणि बाण मंद सुटतो. जाडी सारखी ठेवून रुंदी मुठीपासून टोकाकडे सरळ रेषेत निमुळती केलीस, तर पात सगळीकडे सारखी वाकते. रुंदी सारखी ठेवायची असेल, तर जाडी टोकाकडे कमी करत जा. दोन्ही एकदम भरमसाट उतरवलंस तर टोकं लुळी पडतील.

पात बांबूची करणार असशील, तर तिची पाठ तासायची नाही. चिवट धागे सालीलगत दाट असतात, आतल्या अंगाला विरळ. म्हणून साल बाहेर, म्हणजे तुझ्यापासून लांबच्या बाजूला ठेव आणि जे काढायचं ते आतून काढ. बुरुडाकडून बांबू घेताना मानवेल माग. तो भरीव किंवा जाड भिंतीचा असतो, पोकळ बांबूच्या पातळ भिंतीतून हवी ती जाडी निघत नाही. कांब सावलीत पुरती वाळू दे. ओलसर पात वाकते तशीच राहते आणि ओढ गमावून बसते.

मोजल्याशिवाय तासू नको. भिंतीतल्या भक्कम खुंटीवर मूठ अडकव, दोरीला भाजीवाल्याचा लटकता काटा लाव आणि खाली ओढ. किलोला 2.2 ने गुणलं की पौंड निघतात. ज्या वजनाचं धनुष्य हवं, त्यापेक्षा जास्त वजनाने ते एकदाही ओढू नको. पात कुठे ताठ दिसते तिथे पेन्सिलीची खूण करून तेवढंच तास, जास्त वाकते तिथली जागा सोडून दे. प्रत्येक तासणीनंतर दोरी वीसेक वेळा थोडी थोडी ओढ, मगच काटा वाच. नुकतं तासलेलं लाकूड खरी ओढ लगेच दाखवत नाही.

आणि धनुष्य कितीही मनासारखं उतरलं तरी बाण न लावता दोरी सोडायची नाही. बाणात जाणारी ताकद तेव्हा पातींतच फिरते आणि नीट तासलेलं धनुष्यही त्याने चिरतं.